डोंगरावरील प्रवचन आणि सुखाचा मार्ग

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूचे डोंगरावरील प्रवचन आले आहे. राग, व्यभिचार, शपथ, सूड यांविषयीची शिकवण त्यात नंतर येते. आधी येशू धन्य कोण ते सांगतो: दीन, शोक करणारे, सौम्य, न्यायासाठी तहानलेले, दयाळू, निर्मळ मनाचे, शांती करणारे आणि नीतीपायी छळ सोसणारे. यांतल्या बहुतेकांना व्यवहारात कोणी सुखी म्हणणार नाही. ख्रिस्ती नीतिविचाराचा सारा पेच या नावांत आहे.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते सुख सगळ्यांनाच हवे असते. माणूस चुकतो तो काय किती प्रिय मानावे यात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या आधाराने हा विचार शिस्तीत मांडला. धन, मान, कीर्ती, सत्ता, देहसुख यांची एकेक करून परीक्षा घेत त्यांनी ठरवले की पूर्ण सुख ईश्वराच्या दर्शनातच आहे आणि या जन्मी त्याचा अंशच हाती लागतो. तिथवर नेणारे सद्गुण सात: विवेक, न्याय, धैर्य, संयम आणि त्यांवर श्रद्धा, आशा, प्रीती. सद्गुण म्हणजे मुरलेली सवय. दान देताना ज्याचा जीव तुटतो, त्याच्या अंगी औदार्य अजून आलेले नाही. उदार माणूस आनंदाने देतो. या मांडणीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण इथे नीती आणि सुख वेगळी राहत नाहीत.

येशूच्या यादीत दीनतेला पहिले स्थान का, हे धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला समजावणे सोपे आहे. तेरचे संत गोरा कुंभार म्हणजे गोरोबाकाका यांनी संतमेळ्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्का ते पाहिले आणि नामदेव रागावले म्हणून त्यांना कच्चे ठरवले, ही कथा घरोघरी माहीत आहे. मी कोणीतरी आहे, या भावनेला धक्का लागताच जी शांती मोडते ती खरी नव्हे, असे ख्रिस्ती गुरूही सांगतात. मात्र ख्रिस्ती विचारात ही दीनता साधनेइतकीच ईश्वरी कृपेनेही येते. मराठीत या दोन परंपरा जवळ आणल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत आणि भजन-कीर्तनातून ख्रिस्तभक्ती मांडत.

या शिकवणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की स्वर्गाच्या आशेने केलेले सत्कृत्य हा सौदा ठरतो. याला उत्तर आहे: प्रीतीचे फळ प्रीतीपासून वेगळे काढता येत नाही, त्यामुळे तिथे मजुरीचा हिशेब लागू पडत नाही. दुसरा आक्षेप जड आहे. शोक करणारे धन्य म्हटले, की पिचलेल्यांना गप्प बसवणे सोपे होते, आणि इतिहासात तसे घडलेही आहे.

याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडते. आई, वडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या काळात गमावली. १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी विधवांना सोसण्याचा उपदेश केला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढून त्यांना शिकवले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुलींना केडगावला आणून आसरा दिला. दुःखाला धन्य म्हणणे म्हणजे दुःख तसेच राहू देणे नव्हे, हे त्यांच्या कामातून दिसते. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी बायबलचा मराठी अनुवाद पुरा केला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना आणि मुलांना आजही आसरा मिळतो.