उपपदाची चूक

व्याकरण चुकणें हें पाप आहे काय, असें कोणी विचारल्यास आमचे वाचक हसतील. परंतु इंग्रजीच्या बाबतींत आम्ही तें पापच मानीत आलों आहों. नागपुरांत १८८३ सालीं हिस्लॉप व १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें. तेव्हांपासून येथील सुशिक्षित घरांस 'अ', 'ॲन' व 'दि' या चिमुकल्या उपपदांनीं जी धास्ती घातली, ती गणितानेंहि घातली नसेल.

मराठींत असें उपपद नाहीं. 'मुलगा आला' म्हटलें कीं कोणता, हें प्रसंगावरून कळतें. तेव्हां आमचा विद्यार्थी 'दि' गाळतो तो आळसानें नव्हे, मातृभाषेच्या संवयीनें. हें ठाऊक असूनहि एकदां वर्गांत एका वऱ्हाडी मुलाच्या वाक्यास आम्ही हसलों. मग सारा वर्ग हसला, आणि तो मुलगा वर्षअखेरपर्यंत बोलला नाहीं. त्याच आठवड्यांत एक परदेशी पाहुणे 'माझा पुस्तक' म्हणाले, तेव्हां आम्हीं त्यांच्या मराठीचें कौतुक केलें! वस्तुतः दोन्ही चुका एकाच जातीच्या. आपल्या भाषेंत नसलेला भेद परक्या भाषेंत विसरला गेला, इतकेंच.

दादोबा पांडुरंगांनीं १८३६ मध्यें मराठीचें व्याकरण लिहिलें तेंहि इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. आपली भाषा मोजण्याचा गजहि आम्हीं उसना घेतला. असो. चूक दाखवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आम्ही त्या दिवशीं चूक दाखवीत नव्हतों, आमचें इंग्रजी दाखवीत होतों.

तो मुलगा पुढें एकदां सीताबर्डीवर भेटला. नमस्कार करून मराठींतच बोलला. क्षमा मागावयाची राहून गेली.