कोरी जागा कोरीच दिसू द्या

शून्य आणि ‘नाही’ यांत फरक काय? पर्जन्यमापकाने शून्य मिलिमीटर दाखवलं, तर पाऊस पडला नाही हे कळतं. गावात पर्जन्यमापकच नसेल, तर काहीच कळत नाही. शून्य हे मोजून आलेलं उत्तर आहे. उत्तरच नसण्याला प्रोग्रामिंगमध्ये ‘नल’ म्हणतात.

मी मोबाइल अ‍ॅप लिहितो, त्यामुळे या नलशी माझी रोजची गाठ. अ‍ॅप अँड्रॉइडकडे होकायंत्राचा सेन्सर मागतं. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो बसवलेलाच नसतो, म्हणून अँड्रॉइड नल देतं. लोकेशन बंद असताना शेवटचं ठिकाण मागितलं, तरी नल येऊ शकतो. हातात काय आलं हे न बघता अ‍ॅप ते वापरायला गेलं, की जागच्या जागी बंद पडतं.

टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल रेफरन्स आणला आणि २००९ साली स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मला मात्र वाटतं, नल खोटं बोलत नाही. खोटं आपण बोलतो, तेही दुरुस्तीच्या नावाखाली.

प्रवरेकाठच्या कोल्हारमधला एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्याच फोनने पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. ती नोंद सातबाऱ्यावर जाते. आता समजा, अशाच कामाचं एखादं अ‍ॅप लिहिताना नल समोर आला. सोपा उपाय तयार असतो: ठिकाण मिळालं नाही तर अक्षांश शून्य, रेखांश शून्य धरा. अ‍ॅप बंद पडत नाही, हिरवी खूण येते. पण तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात आहे. नकाशावाले गमतीने त्याला ‘नल आयलंड’ म्हणतात. कोल्हारचा ऊस समुद्रात उभा राहिला! अ‍ॅप बंद पडलं असतं, तर शेतकऱ्याने पुन्हा प्रयत्न केला असता, कुणाला तरी विचारलं असतं. हिरव्या खुणेने ती संधीही हिरावली.

दुसरी पळवाट कोटलिन भाषेतली. नावापुढे दोन उद्गारचिन्हं टाकली, की ‘हे नल नाही’ अशी प्रोग्रामरची शपथ होते. शपथ घ्यायची ऑफिसातल्या महागड्या फोनच्या भरवशावर. ती मोडते मात्र दुसऱ्याच्या हातातल्या फोनवर.

मग खरी दुरुस्ती कोणती? आधी ‘आहे का?’ असं विचारायचं. नसेल तर का नाही, हे माणसाला साध्या मराठीत सांगायचं. लोकेशन बंद असेल तर ते सुरू करता येतं. सेन्सरच नसेल तर दुसरा रस्ता लागतो. नकाशावर बोटाने खूण करू द्या, गट नंबर लिहू द्या.

यावर कुणी म्हणेल, अशाने खोट्या नोंदी घुसतील. शंका रास्त आहे. म्हणूनच त्या नोंदीवर ‘ठिकाण मिळालेलं नाही’ असं स्पष्ट लिहायचं. तपासणारा माणूस शेतावर जाऊन बघू शकेल. शून्य-शून्य लिहिलेल्या नोंदीसाठी तो कुठे जाणार?

ज्याच्याकडे एखादी गोष्ट नाही, त्याच्या वतीने परस्पर ‘आहे’ लिहून टाकणं ही मदत नव्हे. कोरी जागा कोरी दिसली, तरच ती भरायला कुणी येईल.