आपोआप वाढलेली मुलं

"अगं, आमच्या वेळी पोरं आपोआप वाढायची. तुम्ही फारच करता बाई त्यांचं." एका बारशात नवऱ्याच्या आत्या तिला हे म्हणाल्या, तेव्हा ती वरणभाताची वाटी घेऊन तीन वर्षांच्या लेकीमागे धावत होती. उत्तर द्यायला सवड नव्हती. ते सुचायला लागलं परतीच्या गाडीत, आणि मग सुचतच राहिलं.

पहिलं उत्तर सोपं होतं: सगळी कुठे वाढायची? १९६० च्या सुमारास भारतात जन्मलेल्या साधारण चार मुलांतलं एक पाच वर्षांचं होण्याआधीच जायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण हजारी ४२ वर आलेलं दिसतं. पण हे आत्यांनाही ठाऊक असणार. त्या मुलांच्या मरणाबद्दल बोलतच नव्हत्या. बोलत होत्या आईच्या दमण्याबद्दल.

दुसरं उत्तर तिला कोसबाडला सापडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात गेली. अंगणवाडीची ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत असते. तिचं लक्ष मात्र दुसऱ्याच तपशिलावर अडलं. थोरल्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असे. म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि ताईनं वर्गात बसायचं. म्हणजे 'आपोआप'ला एक कंबर होती, आठ-नऊ वर्षांच्या मुलीची. आत्या स्वतः पाच भावंडांत थोरल्या. त्यांची शाळा चौथीत का सुटली, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

इथे वाद जिंकून ती थांबू शकली असती. पण तिचा एक लाडका भेद आहे, आणि तो तिला स्वस्थ बसू देत नाही: हात वेगळे आणि घोर वेगळा. भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं हे हातांचं काम. ते वाटता येतं, पैसे देऊन करून घेता येतं, नवऱ्याला सांगता येतं. पुढची लस कधी आहे, बूट घट्ट झालेत का, खोकला ओला की कोरडा, हा घोर. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ७६. हे झाले हात. घोर घड्याळात मोजता येत नाही. तो ऑफिसच्या मीटिंगमध्येही चालू असतो.

घोर आईचाच, असं तिनं गृहीत धरलं होतं. मग गॅम्बियातला एक अभ्यास तिच्या वाचनात आला. तिथल्या खेड्यांत १९५० ते १९७४ या काळात गोळा केलेल्या नोंदी पुढे रिबेका सिअर आणि रूथ मेस या संशोधिकांनी तपासल्या. मूल जगण्याची शक्यता कुणाच्या असण्यानं वाढते? आईच्या, आईच्या आईच्या आणि थोरल्या बहिणीच्या. वडील, आजोबा, थोरला भाऊ आणि वडिलांची आई असल्या-नसल्यानं फरक दिसला नाही. शेवटचं वाक्य सासरी वाचून दाखवण्याचा मोह तिनं आवरला. एका मुलखाच्या नोंदींवरून साऱ्या आज्यांना निकालात काढणं बरं नव्हे. शिवाय लेकीचे लाड करण्यात तिच्या सासूबाईंचा हात धरणारं दुसरं कुणी नाही.

थोडं आडवळण. मुलं कशी वाढवावीत हे जगाला शिकवणाऱ्यांची मुलं कुणी वाढवली? रूसोनं १७६२ मध्ये 'एमिल' लिहिलं आणि स्वतःची पाचही मुलं अनाथालयात सोडली; हे इतक्यांदा सांगून झालंय की पुढे जाऊ. मारिया माँटेसोरींची गोष्ट जास्त अवघड आहे. १८९८ मध्ये त्यांना मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. मूल उघडपणे जवळ ठेवलं असतं तर डॉक्टरकी आणि संशोधन दोन्ही गेलं असतं. म्हणून तो दुसऱ्या कुटुंबात वाढला आणि किशोरवयात आईकडे आला. १९३९ साली त्या भारतात आल्या तेव्हा हाच मारिओ बरोबर होता, त्यांच्या कामाचा उजवा हात म्हणून. रूसोला हसता येतं. या बाईंना हसताना तिचं हसू अर्ध्यावर थांबलं, कारण त्यांच्यासमोरचा पर्याय होता: सगळं मूल किंवा सगळं काम.

आणि तिथेच आत्यांचं म्हणणं तिला उलटं दिसू लागलं. मुलं आपोआप वाढत नव्हती, हे खरं. पण एकटी आई त्यांना वाढवत नव्हती, हेही खरं. पोर वाड्याच्या चौकात पडलं तर जी जवळ असेल ती उचलायची. हातांबरोबर घोरही थोडाथोडा वाटला जायचा. आत्यांना आठवतंय ते ते हलकेपण. त्याची किंमत त्यांनी स्वतःच, शाळा सोडून, दिली हे त्यांना आठवत नाही एवढंच.

आतापर्यंत पाळणाघर म्हणजे आजी नसलेल्या घराची तडजोड, असं तिला वाटे. लेकीला तिथे सोडताना रोज ओशाळल्यासारखं व्हायचं. आता ती म्हणते, आजी आणि ताईचं काम पगार आणि प्रशिक्षण देऊन करून घेणारी हीच एक जागा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतिलाभ कायद्यात पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितलं. तिच्या ऑफिसात तेवढी माणसंच नाहीत. ज्या मावशी तिच्याकडे पोळ्या करायला येतात, त्यांचं तर ऑफिसच नाही. त्या सहा घरं करतात आणि त्यांचं धाकटं पोर सहावीतली थोरली सांभाळते. वर्गात त्या मुलीची गैरहजेरी लागत असणार. तिच्या ऑफिसच्या डब्यातल्या पोळ्या ज्या सोयीवर चालतात, ती कोसबाडला सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मोडायला घेतलेलीच सोय आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा जिमच्या नव्या यंत्रांचा विषय आहे. क्लबहाऊसची मागची खोली पाळणाघराला द्यावी, आणि त्यात कामाला येणाऱ्या बायकांची मुलंही असावीत, असा ठराव तिनं लिहून दिलाय. पहिल्या अर्ध्याला हात वर होतील, दुसऱ्या अर्ध्यावर सुरक्षेचा आणि स्वच्छतेचा मुद्दा निघेल, हे तिला दिसतंय. दोन्ही अर्धे एकाच मतदानाला टाका, असं तिनं सेक्रेटरींना बजावलंय.