शस्त्रपूजा : देवीची आयुधे आणि ती घडविणारे हात

॥ श्री जगदंबा प्रसन्न ॥

देवीच्या दर्शनास आलेला भाविक प्रथम तिच्या मुखाकडे पाहतो, नंतर चरणांकडे. तिच्या हातांतील आयुधांवर त्याची दृष्टी क्वचितच स्थिरावते. सप्तशृंग गडावरील भगवती अठरा भुजांची आहे. चैत्रात धुळे व जळगाव जिल्ह्यांतून हजारो भाविक उन्हातान्हाची पर्वा न करता पायी गड गाठतात. ज्या मातेसाठी एवढे कष्ट सोसले, तिच्या हातांतील आयुधे कोणी दिली व ती आपणास काय सांगतात, याचे मनन केल्यास दर्शनाचे फळ द्विगुणित होईल.

आयुधे आली कोठून?

महिषासुराने देवांना स्वर्गातून हुसकावून लावले. तेव्हा सर्व देवांच्या तेजातून आदिशक्ती प्रकट झाली. देवीमाहात्म्यात पुढील प्रसंग वर्णिला आहे. शंकराने आपल्या शूलातून शूल काढून दिला, विष्णूने चक्रातून चक्र दिले. वरुणाने शंख व पाश, अग्नीने शक्ती, वायूने धनुष्य व बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र व ऐरावताची घंटा, यमाने दंड, तर काळाने खड्ग व ढाल अर्पण केली.

या मालिकेत एक नाव विशेष लक्षात घेण्यासारखे आहे, ते विश्वकर्म्याचे. विश्वकर्मा हा देवांचा कारागीर. त्याने देवीला तेजस्वी परशू, नाना प्रकारची अस्त्रे व अभेद्य कवच दिले. म्हणजेच असुरसंहाराच्या त्या महाकार्यात इंद्र-वरुणांच्या पंक्तीला कारागिराचे स्थान आहे. शिवाय देवीजवळचे एकही आयुध तिने कोणाकडून हिरावून घेतलेले नाही. प्रत्येकाने आपल्याजवळचे श्रेष्ठ ते तिच्या हाती दिले. दान कसे असावे, याचा याहून सुंदर दाखला कोणता?

खानदेशाच्या मातीतील साक्ष

शस्त्र व हत्यार यांचा इतिहास आपल्या खानदेशात फार मागे जातो. चाळीसगाव तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवीचे प्राचीन स्थान आहे. त्याच परिसरातील पाटणे येथे १९७० च्या दशकात उत्खनन झाले. तेथे अश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे सापडली, तसेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व कोरीव तुकडेही मिळाले. हे अवशेष सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. ज्या हातांनी शिकारीसाठी दगडाला धार लावली, त्याच हातांनी अलंकारासाठी नाजूक मणीही घडविले. तापीकाठच्या सावळदा गावावरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले आहे. तिच्या सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांवर बाणाची टोके व हत्यारे रंगविलेली आढळतात.

सातपुड्यातील भिल्ल बांधवांचा तीरकामठा हा या परंपरेचा जिवंत वारसा होय. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच चिवट पट्टीची. ज्याला लोखंड विकत घेणे परवडत नव्हते, त्यालाही अरण्याने शस्त्र दिले. १८५८ साली आंबापाणीच्या रानात इंग्रजी फौजेसमोर भिल्ल उभे ठाकले, तेव्हा बंदुकांच्या जोडीला हाच तीरकामठा त्यांच्या हाती होता.

पाणी दिल्यावाचून धार नाही

लोहाराच्या शाळेत भात्याचा वारा लागून लोखंड लाल होते, ऐरणीवर घणाचे घाव सोसते आणि आकार घेते. एवढ्याने मात्र पाते तयार होत नाही. तापलेले पाते पाण्यात वा तेलात बुडवून एकदम थंड करावे लागते. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. तेजस्वी माणसास आपण 'पाणीदार' म्हणतो, तो शब्द ऐकताच ही भट्टी आठवावी. येथेही काम संपत नाही. नुसते कडक झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, पहिल्याच घावाला तुटते. म्हणून जाणता लोहार ते पुन्हा मंद आचेवर धरतो व त्याचा कडकपणा थोडा उतरवितो. मगच ते पाते धारही धरते आणि घावही सोसते.

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील तांबट कारागिरांनाही हाच धडा ठाऊक आहे. ठोके खाऊन तांबे ताठर होते. तसेच ठोकत राहिल्यास त्याला तडा जातो. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते.

मनुष्याचे मनही याच धातूचे आहे. संकटांच्या घावांनी ते कणखर होते, परंतु केवळ कणखर झालेले मन पुढे कठोर बनते आणि तुटते. भक्तीची मंद आच त्याला लवचिक ठेवते. युद्धात निष्ठुर होणाऱ्या देवीच्या चित्तात कृपाच वसत होती, असे देव तिच्या स्तुतीत म्हणतात, त्याचे मर्म हेच आहे.

आवर सुटला की

शस्त्रावरील आवर सुटल्यास काय घडते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शिरपूर तालुक्यात तापीतीरावर थाळनेरचा किल्ला आहे. फारूकी सुलतानांची ही आरंभीची राजधानी. १८१८ च्या जानेवारीत होळकरांचा इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला व खानदेशातील किल्ले सोडून देण्याचे ठरले. फेब्रुवारीत इंग्रजी फौज थाळनेरपुढे आली. किल्लेदार तुळशीराम बाहेर येऊन स्वाधीन झाला, परंतु आतल्या दरवाजाशी शिबंदीतील अरबांशी बोलणी फिसकटली. दोन्ही पक्षांना एकमेकांचे म्हणणे नीट उमगलेच नाही, असेही सांगितले जाते. आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्याच्या सुडापोटी सुमारे ३०० शिबंदी कापून काढण्यात आली व शरण आलेल्या किल्लेदारास फाशी देण्यात आली. तह आधीच झालेला होता. लढण्यासारखे काही उरले नसताना, दरवाजातील क्षणभराच्या अविश्वासाने इतके जीव गेले.

म्हणूनच आपल्या परंपरेने शस्त्र उगारण्याइतकेच शस्त्र ठेवण्यालाही महत्त्व दिले. अज्ञातवासाचे वर्षभर पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर बांधून ठेवली. विराटाच्या गायी हरण होईपर्यंत अर्जुनाने गांडीवास हात लावला नाही. विजयादशमीस आपण शमीचे पूजन करतो, ते या संयमाचेही पूजन होय.

पूजा कोणाची?

१८५७ च्या उठावानंतर शस्त्रांवर निर्बंध आले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. तलवारींना धार लावणारे शिकलगार विळे, सुऱ्या व कात्र्यांकडे वळले. गावोगाव पाल टाकणारे घिसाडी कुऱ्हाडी, कोयते व शेतीची अवजारे घडवीत राहिले. यंत्रावर बनलेला स्वस्त माल बाजारात आल्यावर त्यांच्या ऐरणीचा आवाज मंदावला. तांब्याच्या घागरीची जागा स्टील व प्लॅस्टिकने घेतली. खंडेनवमीला आपण हत्यारांस हळदकुंकू वाहतो, आणि दुसऱ्याच दिवशी ती घडविणाऱ्याशी चार रुपयांसाठी घासाघीस करतो. ही पूजा देवीस कशी पोहोचावी?

देवीला चांदीचा त्रिशूळ वा तांब्याचा कलश अर्पण करणारे दाते धन्य आहेत. त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ती वस्तू ज्या हातांनी घडली, त्या हातांना योग्य मोल व मान मिळाला, तरच ते दान पूर्ण झाले. विश्वकर्म्यास देवांच्या पंक्तीत बसविणाऱ्या आदिशक्तीला याहून वेगळे काय आवडेल?

खंडेनवमीला शेतकऱ्याने नांगर-विळ्याचे, सुताराने करवतीचे, गृहिणीने विळीचे, विद्यार्थ्याने लेखणीचे पूजन करावे. ज्याच्या त्याच्या हाती देवीने दिलेले आयुध तेच आहे. त्याला धार असावी, त्यावर आवर असावा आणि ते दुसऱ्याच्या रक्षणासाठी उचलले जावे. देवांनीही मातेला विनविले ते हेच, की शूलाने, खड्गाने आणि घंटेच्या नादाने आमचे रक्षण कर.

दर्शन घेऊन परतताना भाविकांनी एकवार मागे वळून मातेच्या हातांकडे पाहावे आणि मग आपल्या हातांकडे.

॥ शुभं भवतु ॥