आज्ञा, शंका आणि विमानविद्या

निवृत्त सैनिकी अधिकारी शाळकरी छात्रांना विमानविद्या शिकवतो, तेव्हा आज्ञापालन आणि शंका ही दोन मूल्ये एकाच फळ्यासमोर येतात. राष्ट्रीय छात्रसेना १९४८च्या कायद्याने स्थापन झाली. तिची हवाई शाखा १९५०मध्ये सुरू झाली. तिथे उड्डाणाची तत्त्वे, हवामान आणि विमानांच्या प्रतिकृती बनवणे शिकवतात. छात्रावर युद्धसेवेचे बंधन मात्र कायद्यानेच नाही. विद्या दिली जाते, मोबदला मागितला जात नाही.

महाभारतातल्या द्रोणाचार्यांचे तसे नव्हते. त्यांनी दक्षिणा म्हणून शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवले आणि न शिकवलेल्या एकलव्याचा अंगठाही घेतला. बारामतीत राहून ‘आर्याभारत’ रचणाऱ्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) मुलखात ही कथा नवी नाही.

आज त्याच बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक घडतात आणि बारामती-इंदापूरच्या उसावरून शिकाऊ विमाने घिरट्या घालतात. समोरून येणाऱ्या हवेच्या तुलनेत विमानाचे नाक फार वर गेले की पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल घटते. घाबरलेला हात नियंत्रणाचा दांडा मागे ओढू पाहतो; सावरायचे तर तो पुढे ढकलावा लागतो. हे एखाद्या विंग कमांडरने सांगितले म्हणून खरे ठरत नाही. हवेला हुद्दा कळत नाही. पण त्या क्षणी वाद घालायलाही सवड नसते. म्हणून शंका जमिनीवर, वर्गातच फेडून घ्यावी लागते. निवृत्त अधिकाऱ्याची इथे सोय अशी की हुकूम सोडण्याचा अधिकार त्याच्याकडे उरलेला नसतो. कारणच द्यावे लागते.