न विचारणारा वाचक

जो वाचक लेखकास उलट प्रश्न विचारीत नाहीं, त्याच्यासाठीं लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते कीं घटते? हा प्रश्न वरवर पाहतां भाषाशैलीचा दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा आहे. संगणकाच्या आज्ञावली आजवर मुख्यतः माणसें वापरीत होतीं; आतां कृत्रिम बुद्धीचे एजंट, आपल्या जुन्या शब्दांत गुमास्ते, त्या वापरूं लागले आहेत. अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नांवाचा एक संकेत प्रसिद्ध केला. प्रत्येक साधनाचें नांव, त्याचें कार्य आणि त्यास पुरवावयाची माहिती शब्दांत लिहून ठेवण्याची सोय त्यांत आहे. गुमास्ता तें वर्णन वाचतो आणि कामास लागतो. वर्णन संदिग्ध असलें तरी तो पुष्कळदां अडत नाहीं. एक अर्थ धरून चालूं लागतो.

ह्यांत धोका कोणता, हें पाहण्यास न्हावा शेवा येथील बंदराचें उदाहरण पुरे आहे. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथें ‘कंटेनर सुटला’ ह्या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. कस्टमनें माल मोकळा केला, तरी तो सुटला. जहाज कंपनीनें डिलिव्हरी ऑर्डर दिली, तरी सुटला. आणि ट्रेलरवर चढून फाटकाबाहेर पडला, तरी सुटलाच. अनुभवी कारकुनास हा भेद शिकवावा लागत नाहीं. शंका आली तर तो फोन उचलतो. परंतु साधनाच्या वर्णनांत ‘कंटेनर सोडतें’ एवढेंच लिहिलें, तर यांत्रिक गुमास्त्यानें कोणती सुटका समजावी? वजनाचेंही तसेंच. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनराचें पडताळलेलें एकूण वजन कळविल्याशिवाय तो जहाजावर चढवितां येत नाहीं. रिकामी २० फुटी पेटीच २ टनांहून जड असते. मग ‘वजन’ म्हणजे नुसत्या मालाचें कीं पेटीसकट, हें न सांगणें म्हणजे जहाजाच्या समतोलाशीं खेळणें होय. १९९९ मध्यें मंगळाजवळ पोहोंचलेलें अमेरिकेचें यान नष्ट झालें, त्याच्या मुळाशीं एका आज्ञावलीचीं इंग्रजी मापें दुसरीनें मेट्रिक समजल्याचीच चूक होती.

उलट, ह्याच बंदरांत स्पष्ट लेखनाचा उत्तम नमुनाही पेटीपेटीवर रंगविलेला आहे. कंटेनराच्या क्रमांकांत चार अक्षरें, सहा आंकडे आणि शेवटीं तपासणीचा एक आंकडा असतो. हा शेवटचा आंकडा आधींच्या दहा चिन्हांवरून गणितानें काढलेला असल्यामुळें एखादें चिन्ह चुकलें तर तें बहुधा तत्काळ उघडकीस येतें. ज्यानें ही योजना केली त्यानें वाचक चुकेल हें गृहीत धरलें आणि त्या चुकीची काळजी स्वतः वाहिली. उत्तम लेखनाचें हेंच लक्षण आहे.

कोणी म्हणतील, हे गुमास्ते आतां इतके चतुर झाले आहेत कीं अर्धवट वाक्याचाही अर्थ ते लावतील. लावतील, हें खरें. पण चतुर वाचक लेखकाचा दोष दुरुस्त करीत नाहीं, झांकतो. नव्व्याण्णव वेळां अर्थ बरोबर लागला म्हणजे शंभराव्या वेळेस कोणी पाहावयासही उभा राहत नाहीं. शिवकालीन पत्रांच्या शेवटीं ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उमटवीत, ती मजकूर कोठें संपला हें दाखविण्यासाठीं, आणि त्यामुळें मागाहून कोणास त्यांत शब्द घुसडतां येऊं नये म्हणून. साधनाच्या वर्णनासही अशी मर्यादा हवी. काय होतें ह्याबरोबरच काय होत नाहीं, कोणती कृति फिरवितां येत नाहीं आणि कोठें थांबून माणसास विचारावें, हें लिहिलें नाहीं तर वर्णन अपुरें राहिलें.

ह्याहून अवघड आक्षेप निराळा आहे. तीन सुटकांतील भेद ज्या कारकुनाला ठाऊक, त्याची भाकरी त्या भेदावरच अवलंबून आहे. तो भेद कागदावर उतरला म्हणजे कारकुनाची गरज काय? नवी मुंबईसाठीं होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं उरणच्या भूमीवर शेतकऱ्यांनीं लढा दिला, आणि पोलिसांच्या गोळीबारांत ५ जण मृत्युमुखी पडले. योग्य मोबदल्यावांचून जमीन घेणें अन्याय असेल, तर माणसाचें अनुभवसिद्ध ज्ञान फुकट घेणें न्याय कसा?

आम्ही हा आक्षेप खोडूं इच्छीत नाहीं. पण त्यावर संदिग्धता हा उपाय नव्हे. अस्पष्ट वर्णनानें कारकुनाची नोकरी वांचत नाहीं. गुमास्ता चुकल्यावर निस्तरण्याचें काम तेवढें त्याच्याकडे येतें, आणि दोषही त्याच्याच माथीं बसतो. म्हणून ज्ञान लिहावें, पण ज्याचें तें आहे त्याला विचारून, त्याच्या श्रमाचें मोल देऊन. आणि शंकेच्या ठिकाणीं कोणाकडे जावें, तेथें त्याचें पद वर्णनांत नोंदवून. जो वाचक स्वतः होऊन प्रश्न विचारीत नाहीं, त्याचे प्रश्न लिहिणाऱ्यानेंच आधीं स्वतःस विचारले पाहिजेत. तेवढे कष्ट टाळणारा लेखक आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर देत असतो, आणि तो दुसरा बहुधा त्याच्याहून दुबळा असतो.