पन्नास शब्द बर्फाचे

माहितीच्या पुस्तकांची एक जात असते. ती सलग वाचायची नसतात. उशाशी ठेवायची, झोपण्यापूर्वी मधलंच एखादं पान उघडायचं, तीन-चार नवलाच्या गोष्टी वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांतली एखादी कुणाच्या तरी गळ्यात घालायची. शब्दांच्या जन्मकथा, प्राण्या-पक्ष्यांच्या तऱ्हा, लेखकांच्या विचित्र सवयी. अशी पुस्तकं इंग्रजीत ढिगाने आहेत, आणि मराठीतही वर्तमानपत्रांतल्या ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या चौकटीपासून त्यांचं गणगोत बरंच पसरलेलं आहे. मला ती मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं घरातल्याच माणसाची कुरकुर म्हणून वाचावं.

या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटतं. एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी पन्नास शब्द आहेत. कुठे पन्नास, कुठे शंभर, कुठे नुसतंच ‘शेकडो’. बिल ब्रायसन यांचं ‘द मदर टंग’ हे १९९० सालचं पुस्तक म्हणजे इंग्रजी भाषेचं एक खुसखुशीत चरित्र. त्याच्याही सुरुवातीच्या पानांत हे पन्नास शब्द येतात. ही गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे, असा सूर लावून येतात, आणि वर एक जादा मौज : नुसत्या साध्या बर्फाला मात्र त्यांच्याकडे शब्द नाही म्हणे!

सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीची एक अडचण असते. ती पहिल्यांदा कुणी सांगितली, हे विचारायला कुणी जात नाही. आपण जाऊ.

माग काढत गेलं की वाट फ्रान्झ बोआस या जर्मन माणसाच्या दारात येते. बोआस शिकले पदार्थविज्ञान. त्यांचा प्रबंध पाण्याच्या रंगावर होता. १८८३ साली ते कॅनडाच्या उत्तरेच्या बॅफिन बेटावर गेले आणि तिथल्या इन्युइट लोकांत सुमारे वर्षभर राहिले. (‘एस्किमो’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, आज कॅनडात ते टाळतात आणि इन्युइट म्हणतात.) गेले होते भूगोलासाठी, परतले ते माणसांचं वेड घेऊन. पुढे अमेरिकेत मानववंशशास्त्राची घडी बसवणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी आलं. १९११ साली अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांवर एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत बोआस यांनी बर्फाचे शब्द दिले आहेत. किती? चार. जमिनीवर पडलेला बर्फ, पडत असलेला बर्फ, वाऱ्याने वाहत चाललेला बर्फ आणि वाऱ्याने साचवलेला ढीग. यांतला पहिला शब्द ‘आपुत’, म्हणजे जमिनीवर पसरलेला साधासुधा बर्फ. ज्याला शब्दच नाही असं ब्रायसन म्हणतात, जवळजवळ तोच.

पण चार की पन्नास, हा या गोष्टीतला बारीक भाग आहे. बोआस यांना त्या चार शब्दांतून काय सांगायचं होतं, ते पाहिलं पाहिजे. त्या जागी बर्फाचं उदाहरण आधी येतच नाही, आधी येतं पाणी. इंग्रजीत तळं, नदी, ओढा, पाऊस, दव, लाट, फेस या सगळ्यांना एकमेकांशी नातं नसलेले वेगवेगळे शब्द आहेत. एखादी भाषा असंही करू शकली असती की ‘पाणी’ हा एकच धातू घ्यायचा आणि त्याला निरनिराळे प्रत्यय लावून हे सगळे अर्थ काढायचे. इंग्रजीने पाण्याच्या बाबतीत जे केलं, तेच इन्युइटांनी बर्फाच्या बाबतीत केलं. सीलच्या बाबतीतही : नुसता सील वेगळा, उन्हात पहुडलेला सील वेगळा, बर्फाच्या तुकड्यावरून वाहत चाललेला सील वेगळा. उलट डकोटा भाषेत लाथ मारणं, बांधणं, चावणं, कुटणं ही आपल्याला अगदी वेगळी वाटणारी कामं एकाच मूळ धातूपासून निघतात. म्हणजे कुठे एकच शब्द ताणायचा आणि कुठे वेगळे शब्द पाडायचे, हे प्रत्येक भाषा आपापल्या संसाराकडे बघून ठरवते. मुद्दा एवढाच. सगळ्या भाषांबद्दलचा, इंग्रजीसकट.

मराठी माणसाला तो समजायला बर्फापर्यंत जायची गरज नाही, स्वयंपाकघरापर्यंत गेलं तरी पुरे. शेतात उभं असतं ते भात. झोडपून निघते ती साळ. सडली की तांदूळ, तुटली की कणी, उरला तो कोंडा. तांदूळ शिजला की पुन्हा भात, पातळ ठेवला तर पेज. साळ भाजून फुलवली तर लाह्या, कांडून चपटी केली तर पोहे, आणि तांदळाला हळद-कुंकू लागलं की अक्षता. इंग्रजी माणूस यातल्या बहुतेकांना ‘राइस’ म्हणून मोकळा होतो. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण साळ आणि भात यांत काय सारखं आहे हा प्रश्नच आपल्याला कधी पडलेला नसतो. इन्युइट माणसालाही आपुतबद्दल तो पडला नसणार.

मग चाराचे पन्नास कसे झाले? मधला दुवा आहे बेंजामिन ली व्होर्फ. हे गृहस्थ पेशाने आगीच्या विम्याचे तपासनीस, भाषाशास्त्र हा त्यांचा छंद, आणि छंद असा की पेशेवाल्यांनाही त्यांची दखल घ्यावी लागली. पेट्रोलच्या ‘रिकाम्या’ पिंपांजवळ लोक बिनघोर विडी ओढतात, कारण ‘रिकामं’ हा शब्द त्यांना आतल्या वाफेचा विसर पाडतो, असं त्यांचं एक प्रसिद्ध निरीक्षण आहे. शब्द आपली नजर घडवतो, हा त्यांचा ध्यास होता. १९४० साली अमेरिकेतल्या एका तंत्रविषयक मासिकात त्यांनी लिहिलं की इंग्रजीत सगळ्या तऱ्हेच्या बर्फाला एकच शब्द आहे आणि एस्किमोंकडे मात्र वेगवेगळे. तऱ्हा त्यांनी पाच-सहा मोजल्या. इंग्रजीतल्या स्लश, स्लीट, ब्लिझर्ड यांचा त्यांना त्या क्षणी विसर पडला असावा.

इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट घडली आहे. आकडा फारसा वाढलेला नाही, पण उदाहरण आपल्या जागेवरून उठलं आहे. बोआस यांच्याकडे बर्फ हा इंग्रजीच्या पाण्याचा जोडीदार होता. व्होर्फ यांच्याकडे पाणी गळून पडलं, सील गेला, डकोटा गेली. बर्फ एकटा उरला, आणि तो इंग्रजीच्या शेजारी नाही तर समोर उभा राहिला. ‘तेही तुमच्यासारखंच करतात’ याचं झालं ‘ते तुमच्याहून किती वेगळे!’ एकदा उदाहरण असं सुटं झालं की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. मग ते चढत्या भाजणीने वाढतं. १९७८ च्या एका अमेरिकन नाटकात पन्नास झाले. १९८४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीयात शंभर. एका दूरचित्रवाणी केंद्राच्या हवामानाच्या बातम्यांत दोनशे.

यात कुणी खोटारडा नव्हता. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारलेले हवे असतात, आणि ‘का’पेक्षा ‘किती’ने ते लवकर विस्फारतात. शिवाय ‘किती’ लक्षात ठेवायला सोपं. चहाच्या कपाबरोबर अख्खी प्रस्तावना कोण सांगत बसणार?

१९८६ मध्ये लॉरा मार्टिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवला. पाठोपाठ १९८९ साली भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी त्यावर एक झणझणीत निबंध लिहिला, ‘द ग्रेट एस्किमो व्होकॅब्युलरी होक्स’. दोन वर्षांनी याच नावाचा निबंधसंग्रहही आला. पुलम यांनी पश्चिम ग्रीनलंडच्या भाषेचा १९२७ सालचा कोश उघडला, तर बर्फाचे म्हणता येतील असे मूळ धातू त्यात निघाले दोन : हवेतला बर्फ तो ‘कानिक’ आणि जमिनीवरचा तो ‘आपुत’.

मात्र या भाषांत ‘शब्द किती’ हा प्रश्नच नीट बसत नाही. आपल्याकडचा ‘घरातल्यांनासुद्धा’ घ्या. लिहिताना एक शब्द. त्यात ‘घर’ आहे, ‘आत’ आहे, ला-ली-लेंचा ‘ल’ आहे, अनेकवचन आहे, ‘ना’ आहे, ‘सुद्धा’ आहे. घरी, घरात, घरातून, घराबाहेरच्यांचं हे सगळे वेगळे मोजले तर मराठीत घरासाठी शेकडो शब्द आहेत असं कुणीही छापू शकेल, आणि ते खोटं म्हणता येणार नाही. इन्युइट भाषांत ही साखळी याहून खूप लांब जाते. इंग्रजीचं अख्खं वाक्य त्यांच्या एका शब्दात मावतं. तिथे बर्फाचे शब्द मोजणं म्हणजे आपल्याकडे बर्फाची वाक्यं मोजण्यासारखं. गंमत अशी की ही गोष्ट पन्नास शब्दांपेक्षा कितीतरी नवलाची आहे, आणि नेमकी तीच त्या चौकटीत मावत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण पुलम यांच्या निबंधालाही लोकांनी चौकटीत बसवलं. ‘एस्किमोंकडे बर्फाला फारसे शब्द नसतातच, ती थाप आहे,’ ही पुढच्या पिढीतल्या पुस्तकांची नवी माहिती. आता डोळे विस्फारण्याऐवजी गालात हसायचं, एवढाच फरक.

इगोर क्रुपनिक हे स्मिथसोनियन संस्थेतले संशोधक. त्यांनी बोआस यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि उत्तरेतल्या शिकाऱ्यांबरोबर बसून शब्द गोळा करण्याचं कामही केलं. अलास्कात बेरिंगच्या सामुद्रधुनीवर वेल्स नावाचं छोटं गाव आहे. तिथले शिकारी विंटन वेयापुक आणि क्रुपनिक यांनी मिळून गावच्या बोलीतल्या समुद्री बर्फाच्या शब्दांचा कोश केला, तो २०१२ मध्ये छापून आला. शब्द शंभराहून जास्त, आणि सोबत चित्रं. म्हणजे शेवटी शंभर निघालेच की! पण हे शंभर वेगळे आहेत. पडणाऱ्या बर्फाचे नव्हेत, समुद्रावर गोठणाऱ्या बर्फाचे. आणि त्या प्रत्येकामागे चालणारं पाऊल आहे. कोवळं गोठण अजून वजन पेलणार नाही. ही कड किनाऱ्याला घट्ट आहे, हिच्यावरून जाता येईल. ही फट रुंदावते आहे, मागे फिरा. गावातली तरुण मुलं इंग्रजी बोलू लागली आणि बर्फही पूर्वीसारखा वेळेवर गोठेना, अशा काळात हा कोश झाला.

आकडा तोच, पण त्याला त्याचा ‘का’ परत मिळालेला. चांगलं माहितीचं पुस्तक मी यावरून ओळखायला लागलो आहे. त्यात आकडा सापडला की शेजारच्या ओळीत तो कशासाठी मोजला हेही आहे का, ते बघतो. बऱ्याचदा नसतं. तरी पुस्तक उशाशी राहतंच, हेही कबूल करतो.

हा खेळ उलटा करून पाहिला की मजा येते. आपल्याकडे ‘बर्फ’ हा शब्दच मुळी फारसीतून आलेला, आणि तो एकटा सगळ्या गावाचा भार वाहतो. इंग्रजी कादंबरीचं मराठी करणाऱ्याला विचारा. स्नो म्हणजे बर्फ, आइस म्हणजे बर्फ, फ्रॉस्ट म्हणजे पुन्हा एकदा बर्फ, स्लश म्हणजे बर्फाचा चिखल. नायिका बर्फातून चालत येते आणि नायक तिच्या पेल्यात बर्फ घालतो. तेव्हा एखाद्या मराठी चौकटीत असं छापायला हरकत नाही : इंग्रज लोकांकडे बर्फासाठी अर्धा डझन शब्द आहेत, काय अजब माणसं!

आणि आपली पाळी येते पावसाळ्यात. मृग लागला की फोनवर यादी फिरू लागते, मराठीत पावसासाठी इतके शब्द! रिमझिम, भुरभुर, पिरपिर, सर, झड, वळीव, मुसळधार, संततधार. दर वर्षी दोन-चार वाढलेले असतात. मी ती आवडीने वाचतो आणि पुढे पाठवतोही. पण रिमझिम हा नाद आहे, सर हे माप आहे, वळीव म्हणताना त्यात उन्हाळ्याचे दिवस येतात, आणि झड लागली की शेतातली कामं अडून राहतात. एका दोरीत ओवले की सगळे सारखेच मणी दिसतात.

त्या यादीत मी एक शब्द दर वर्षी शोधतो. तो कधीच नसतो, आणि नसणं बरोबरही आहे, कारण तो पावसाचा शब्दच नव्हे, मातीचा आहे : वाफसा. पाऊस पडून गेला, पाणी मुरलं, माती ओली तर आहे पण चिखल उरलेला नाही. आता तिफण घातली तर बी धरेल, अशी जमिनीची अवस्था. एक दिवस आधी गेलं तर चिखलात पाय रुततात, चार दिवस उशीर केला तर ओल उडून जाते. पाऊस थांबल्यावर शेतकरी बांधावरून खाली उतरतो, वाकून मूठभर माती उचलतो, दाबून तिचा लाडू करतो आणि तो हातातून खाली सोडतो. लाडू पडून तसाच राहिला तर परत घरी. फुटून भुगा झाला तर बैल जुंपायला सांगतो.